ठिपक्यामागचे जनुक आले कुठून?

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. पूर्व उत्तर प्रदेशातील एका गावात गव्हावरील माव्याच्या पाहणीसाठी मी गेले होते. पीक फुलोरा संपवून दाणे भरण्याच्या अवस्थेत आले होते. "किडीने पानांवर डाग पाडले आहेत," अशी तेथील एका शेतकऱ्याची तक्रार होती. भिंगातून पाहिले, तेव्हा मावा नावापुरताच आढळला. पानांवर मात्र गडद तपकिरी, लांबट ठिपके आणि त्यांभोवती पिवळी वलये पसरली होती. हा कीटकांचा उपद्रव नव्हता. बायपोलॅरिस सोरोकिनियाना या बुरशीमुळे होणारा तो रोग होता. इंग्रजीत त्याला स्पॉट ब्लॉच म्हणतात. या लेखात आपण त्यास 'ठिपक्यांचा करपा' म्हणू. गंगेच्या पूर्व खोऱ्यातील उष्ण व दमट पट्ट्यात गव्हाचा हा प्रमुख शत्रू आहे. दक्षिण आशियात त्यामुळे होणारी उत्पादनातील घट सरासरी 15 ते 20 टक्के असल्याचे अंदाज आहेत.

हे सांगितल्यावर साठी ओलांडलेल्या त्या शेतकऱ्याने विचारले, "मॅडम, आजोबांच्या वेळी या रोगाचे नावही कोणी घेत नसे. मग तो आला कुठून?"

हवामान, उशिराची पेरणी, वाणांतील बदल अशी नेहमीची कारणे मी त्यांना सांगितली. ती चुकीची नव्हती. पण प्रश्न त्यांच्या पलीकडचा होता. बुरशी तर जुनीच आहे. गव्हाचे पान मारण्याचे तिच्याजवळचे एक हत्यार मात्र तिचे वडिलोपार्जित नाही, ते दुसऱ्या बुरशीशी झालेल्या देवाणघेवाणीतून आलेले आहे, असे गेल्या दोन दशकांतील संशोधन सांगते. हा शोध जैवमाहितीशास्त्राने, म्हणजे जनुकीय अक्षरांच्या संगणकीय तुलनेतून लागला. त्याचा संबंध थेट वाणनिवडीशी असल्याने विस्तार कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी तो समजून घेणे उपयुक्त ठरेल.

उलटे कुलूप

या हत्याराचे नाव टॉक्सए. हे एक लहानसे प्रथिन असून बुरशी ते पानात सोडते. ज्या जनुकावरून ते तयार होते, त्यालाही टॉक्सए असेच म्हणतात. हे प्रथिन प्रत्येक गव्हाला मारू शकत नाही. ज्या गव्हात टीएसएन1 हे जनुक असते, त्याच गव्हाच्या पानावर त्याचा परिणाम होतो. टीएसएन1 नसलेल्या पानात शुद्ध टॉक्सए टोचले, तरी पान हिरवेच राहते.

रोगप्रतिकाराविषयी आपण सहसा जे शिकतो, त्याच्या हे नेमके उलट आहे. जवसावरील तांबेऱ्याचा अभ्यास करून एच. एच. फ्लोर यांनी 1940 च्या दशकात 'जनुकास जनुक' हा सिद्धांत मांडला. वनस्पतीतील प्रतिकारक जनुकाने रोगकारकाच्या विशिष्ट जनुकाची चाहूल घेतली, की रोग थांबतो, असे तो सांगतो. तांबेऱ्याची बुरशी जिवंत पेशींवर जगते. त्यामुळे संसर्ग झालेली पेशी वनस्पतीने स्वतःहून मारली, की बुरशीची उपासमार होते. ठिपक्यांच्या करप्याची बुरशी मात्र मेलेल्या पेशींवरही पोसते. पेशी मरणे ही तिच्यासाठी शिक्षा नसून मेजवानी आहे.

अमेरिकेतील संशोधकांनी 2010 मध्ये टीएसएन1 हे जनुक वेगळे करून त्याची रचना प्रसिद्ध केली. ती रोगप्रतिकारक जनुकांसारखीच निघाली. चोर घरात शिरल्याची शंका येताच पहारेकऱ्याने घरालाच आग लावावी आणि चोराला तेच हवे असावे, असा हा प्रकार आहे. म्हणून अशा वाणात प्रतिकारक जनुक वाढवण्याआधी घात करणारे हे जनुक काढून टाकण्याचा विचार करावा लागतो.

दोन बुरशा, एकच मजकूर

टॉक्सए प्रथम सापडले ते आणखी एका बुरशीत. पायरेनोफोरा ट्रिटिकी-रिपेंटिस ही बुरशी गव्हावर टॅन स्पॉट, म्हणजे तांबूस ठिपक्यांचा रोग आणते. तिच्यातील टॉक्सए जनुकाचा मजकूर 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात वाचला गेला. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हे एकच जनुक रोग न आणणाऱ्या वाणात, म्हणजे बुरशीच्या निरुपद्रवी प्रकारात, घातल्यावर तो प्रकार गव्हावर रोग निर्माण करू लागला. हत्यार हेच, याचा तो पुरावा होता.

त्यानंतर 2005 मध्ये पॅरास्टॅगोनोस्पोरा नोडोरम या तिसऱ्याच बुरशीचा संपूर्ण जनुकसंच सर्वांसाठी खुला झाला. ही बुरशी गव्हाच्या पानांवर व ओंबीच्या तुसांवर डाग पाडते. तिच्या जनुकसंचात सुमारे 3 कोटी 70 लाख अक्षरे आहेत. डीएनएची लिपी ए, टी, जी आणि सी या चारच अक्षरांची असते. पण एवढ्या मजकुरातून सारखा भाग डोळ्यांनी शोधणे अशक्य आहे. त्यासाठी ब्लास्ट हा संगणकीय कार्यक्रम वापरतात. तो 1990 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याजवळच्या मजकुराचे लहान लहान तुकडे घेऊन तो साठवलेल्या मजकुरात त्यांची जुळणी शोधतो, जुळणी सापडली की दोन्ही बाजूंना ती वाढवत नेतो आणि एवढी जुळणी निव्वळ योगायोगाने होण्याची शक्यता किती, तेही सांगतो.

टॉक्सएचा मजकूर अशा रीतीने नोडोरमच्या जनुकसंचाशी ताडून पाहिला, तेव्हा तेथे 99 टक्क्यांहून अधिक जुळणारे जनुक आढळले. या दोन बुरशा वेगवेगळ्या कुळांतील आहेत. त्यांच्या नित्याच्या जनुकांत स्पष्ट फरक आहे. मग हे एकच जनुक जवळजवळ तंतोतंत सारखे कसे?

वारसा की हस्तांतरण?

गावातील एखादा जमिनीचा तुकडा आजच्या मालकाकडे कसा आला, हे पाहायचे तर आपण सातबारा उतारा काढतो आणि मागच्या फेरफार नोंदी वाचतो. आजोबा, वडील, मुलगा अशी वारस नोंद असेल, तर जमीन वंशपरंपरेने आली. मध्येच परक्या घराण्याचे खरेदीखत दिसले, तर ती हस्तांतराने आली. जनुकांचे फेरफारही असेच वाचता येतात. बहुतेक जनुके आईवडिलांकडून संततीकडे जातात. क्वचित एखादे जनुक एका प्रजातीतून दुसऱ्या प्रजातीत आडवे सरकते. यास क्षैतिज जनुक हस्तांतरण म्हणतात.

या दोन शक्यतांपैकी खरी कोणती, हे ठरवण्यासाठी संशोधकांनी चार प्रकारचे पुरावे तपासले.

पहिला, वंशवृक्षाची तुलना. बुरशींच्या नित्याच्या जनुकांवरून त्यांच्या नात्याचा एक वृक्ष तयार होतो. टॉक्सए वारशाने आले असते, तर त्याच्या मजकुरातील फरकांवरून काढलेला वृक्षही तसाच दिसला असता. तसे झाले नाही. दूरच्या कुळांतील दोन बुरशा या एका जनुकाबाबत सख्ख्या भावंडांसारख्या दिसतात.

दुसरा, शेजार. जनुकाच्या दोन्ही बाजूंचा मजकूर पाहिला, तेव्हा सुमारे 11 हजार अक्षरांचा पट्टा दोन्ही बुरशांत सारखाच आढळला. त्यातील बराच भाग कोणत्याही प्रथिनासाठी वापरला जात नाही. असा निरुपयोगी मजकूर काळाच्या ओघात झपाट्याने बदलतो. तो सारखाच राहिला, याचा अर्थ ही देवाणघेवाण फार जुनी नाही.

तिसरा, विविधता. नोडोरमच्या निरनिराळ्या ठिकाणच्या नमुन्यांत टॉक्सएची अनेक किंचित वेगळी रूपे सापडली. पायरेनोफोराच्या नमुन्यांत मात्र एकच रूप आढळले. जे जनुक एखाद्या बुरशीत दीर्घकाळ राहिले, त्यात लहानसहान बदल साचतात. ज्या बुरशीत ते नुकतेच आले, तिच्यात ते एकसारखे असते. यावरून ते नोडोरमकडून पायरेनोफोराकडे गेले असावे, असा निष्कर्ष निघाला.

चौथा, प्रत्यक्ष प्रयोग. संगणकावरील जुळणी कधीकधी नमुन्यातील भेसळीमुळेही दिसते, म्हणून प्रयोगशाळेतील खातरजमा आवश्यक असते. नोडोरममधील टॉक्सए जनुक निकामी केल्यावर तिची गव्हावरील विषाची क्रिया नाहीशी झाली. जनुक खरोखरच तिचे होते आणि कामही करत होते.

हे संशोधन 2006 मध्ये 'नेचर जेनेटिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तांबूस ठिपक्यांच्या रोगाची गव्हावरील गंभीर रोग म्हणून नोंद 1941 मधील आहे. त्यामुळे हस्तांतरण त्याआधी थोड्याच काळात झाले असावे, असा अंदाज संशोधकांनी मांडला. एका जनुकाच्या स्थलांतराने गवतावर गुजराण करणारी बुरशी गव्हाची वैरीण झाली, असा त्याचा अर्थ होतो.

वाहन सापडले

जनुक स्वतः चालत जात नाही. मग ते गेले कशावर बसून? येथे आम्हा कीटकशास्त्रज्ञांना ओळखीचे काही तरी दिसते.

सजीवांच्या जनुकसंचात जागा बदलणारे काही तुकडे असतात. त्यांना ट्रान्सपोझॉन किंवा बोलीभाषेत उड्या मारणारी जनुके म्हणतात. मक्यात ती प्रथम ओळखणाऱ्या बार्बरा मॅक्लिन्टॉक यांना 1983 चे नोबेल पारितोषिक मिळाले. फळमाशीतही असे तुकडे आहेत. ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर या फळमाशीचे जे वाण प्रयोगशाळांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून सांभाळले आहेत, त्यांत 'पी घटक' हा ट्रान्सपोझॉन नाही; आजच्या रानातल्या माश्यांत तो सर्वत्र आहे. ड्रोसोफिला विलिस्टोनी या दूरच्या प्रजातीतील पी घटकाशी तुलना केली, तेव्हा 2907 अक्षरांपैकी केवळ एका अक्षराचा फरक आढळला. म्हणजे तोही आडव्या वाटेनेच आला होता आणि काही दशकांत जगभर पसरला.

टॉक्सएची कथा याच वळणाची आहे. 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांना हे जनुक आपल्या ठिपक्यांच्या करप्याच्या बुरशीत, बायपोलॅरिसमध्ये आढळले. डीएनएचे लांबलचक तुकडे सलग वाचणारे तंत्र आता हाताशी होते. त्याच्या साहाय्याने 2019 मध्ये तिन्ही बुरशींची तुलना झाली. टॉक्सए सुमारे 14 हजार अक्षरांच्या एका ट्रान्सपोझॉनमध्ये बसलेले आहे आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकमेकांची उलट प्रतिबिंबे असलेला मजकूर आहे, असे त्यातून दिसले. ट्रान्सपोझॉनची हीच खूण असते. त्याला टॉक्सएचएटी हे नाव मिळाले. त्यातील एचएटी ही तीन अक्षरे फळमाशीतील होबो, मक्यातील अ‍ॅक्टिवेटर आणि कुत्राफूल या शोभेच्या झाडातील टॅम3 या तीन ट्रान्सपोझॉनांच्या आद्याक्षरांवरून आली आहेत. एका माशीतला व एका धान्यातला घटक ज्या घराण्याचे, त्याच घराण्याचा हा सदस्य.

हा तुकडा आणखी मोठ्या, 1 लाख 40 हजार ते 2 लाख 50 हजार अक्षरांच्या बेटात असतो. ज्या नमुन्यांत टॉक्सए नाही, त्यांत हे संपूर्ण बेटच गायब असते. बुरशीतील अशा प्रचंड चल तुकड्यांना आता स्टारशिप म्हणतात. लहान डबा मोठ्या डब्यात ठेवून प्रवासाला न्यावा, तसे टॉक्सए त्यांतून वाहून नेले जाते. या तीन बुरशा शेतात एकाच गव्हाच्या पानावर किंवा धसकटावर एकत्र वाढतात, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. शेजार असल्याशिवाय देवाणघेवाण होत नाही.

भारतातील चित्र

हे सारे परदेशातील प्रयोगशाळांपुरते राहिले असते, तर या लेखाचे प्रयोजन नव्हते. बनारस हिंदू विश्वविद्यालयाशी संबंधित शास्त्रज्ञ व त्यांचे सहकारी यांनी भारतातील दोन भिन्न गहू-हवामान प्रदेशांतून बायपोलॅरिसचे 110 नमुने गोळा केले. त्यांपैकी 77, म्हणजे 70 टक्के नमुन्यांत टॉक्सए आढळले. त्याच अभ्यासात 220 भारतीय गहू वाण तपासले गेले. त्यांपैकी 81 वाणांत, म्हणजे 36.8 टक्के वाणांत टीएसएन1 होते. हे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले.

हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत. दहापैकी सात ठिकाणी किल्ली तयार आहे आणि दर तीनपैकी एकाहून अधिक वाणांच्या दाराला तेच कुलूप आहे.

त्याच शास्त्रज्ञांनी 20 वाणांवर टॉक्सए असलेली बुरशी सोडून पाहिली. 11 वाणांत टीएसएन1 होते, 9 वाणांत नव्हते. रोपावस्थेत पिवळ्या वलयांचे मृत ठिपके फक्त टीएसएन1 असलेल्या वाणांवर पडले. मोठ्या झाडांवर मात्र असा स्पष्ट भेद दिसला नाही. ही मर्यादा विसरता कामा नये. बायपोलॅरिसजवळ इतरही हत्यारे आहेत. टीएसएन1 नसलेला वाण रोगमुक्त राहील, अशी हमी कोणी देऊ नये. रोगाचा एक दरवाजा तेथे बंद आहे, एवढेच म्हणावे. एसबी1 सारखी प्रतिकारक जनुके आणि योग्य मशागत यांची जोड त्याला हवीच.

तरीही हा एक दरवाजा बंद करणे तुलनेने सोपे आहे, कारण त्यासाठी कोणतेही नवे जनुक वाणात आणावे लागत नाही. ऑस्ट्रेलियात पैदासकारांना शुद्ध टॉक्सए पुरवले जाते. दोन आठवड्यांच्या रोपाच्या पानात सुईविना सिरिंजने ते भरतात आणि काही दिवसांतच संवेदनशील रोप ओळखून बाजूला काढतात. टीएसएन1 ओळखणारे डीएनए चिन्हक उपलब्ध असल्याने ही निवड बियाण्यापासून काढलेल्या डीएनएवरही करता येते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

ठिपके दिसले, की कीटकनाशकाची फवारणी करण्याची घाई होऊ नये. मावा, तुडतुडे किंवा अन्य कीड प्रत्यक्ष दिसते का, हे भिंगाने पाहावे. तपकिरी, लांबट ठिपका आणि भोवती पिवळे वलय असेल, तर बुरशीचा संशय घ्यावा. तांबूस ठिपका आणि ठिपक्यांचा करपा डोळ्यांनी वेगळे ओळखणे अनुभवी माणसालाही अवघड जाते. खात्री प्रयोगशाळेतच होते.

करप्याची बुरशी बियाण्यातून येते. त्यामुळे प्रमाणित बियाणे घ्यावे. घरचे बियाणे वापरायचे असल्यास शिफारशीत बुरशीनाशकाची बीजप्रक्रिया टाळू नये. उशिरा पेरलेल्या गव्हाला दाणे भरताना उष्णता लागते आणि करपा बळावतो. वेळेवर पेरणी आणि पालाशासह संतुलित खते हे साधे उपायही परिणामकारक आहेत. आधीच्या गव्हाची धसकटे शेतात राहत असतील, तर पिकांचा फेरपालट अधिक काटेकोरपणे करावा. एकाच शिवारात सर्वांनी एकच वाण पेरणे टाळावे, कारण नवे हत्यार मिळालेल्या बुरशीला सर्व दारांवर एकच कुलूप मिळणे, यासारखी सोय दुसरी नाही. आपल्या भागातील प्रचलित वाणांत टीएसएन1 आहे का, हे कृषी विज्ञान केंद्रामार्फत पैदासकारांना अवश्य विचारावे.

शेवटी एक विनंती. रोगट पाने तपासणीसाठी पाठवताना ती प्लास्टिकच्या पिशवीत घालू नयेत. तेथे ती कुजतात आणि भलत्याच बुरशा वाढतात. पाने वर्तमानपत्राच्या घडीत दाबून सुकवावीत आणि कागदी पाकिटात ठेवावीत. पाकिटावर वाणाचे नाव, पेरणीची तारीख, आधीचे पीक आणि गाव लिहावे. वाणाचे नाव नसलेल्या नमुन्यातून बुरशीतली किल्ली सापडते, पण ती कोणत्या कुलपाला लागली हे समजत नाही.

त्या शेतकऱ्याला मी पुढच्या भेटीत उत्तर दिले. बुरशी इथलीच आहे, तिचे एक हत्यार दुसऱ्या बुरशीशी झालेल्या देवाणघेवाणीतले आहे आणि ते चालण्यासाठी गव्हाची साथ लागते, असे सांगितले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारले, "मग मी पेरतो त्या गव्हात ते कुलूप आहे का?" मी त्यांच्या पोत्यातले मूठभर बियाणे पाकिटात घेतले आणि पाकिटावर वाणाचे नाव लिहिले.